गवतातली मरळ आणि चमच्याचा गळ



मृगाचा पाऊस तोंडावर आला की बोटुकलीची चौकशी सुरू होते. कटला किती, रोहू किती, मृगळ किती, बी कुठे मिळेल, असे प्रश्न सगळेच विचारतात. पण "आमच्या तळ्यात आधीपासून कोण बसले आहे?" हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. हिशेब चुकतो तो इथेच.

आधीपासून बसलेली असते ती मरळ. जुन्या मातीच्या तळ्यात, गावतळ्यात, पाझर तलावात किंवा नाल्याच्या डोहात, जिथे लव्हाळा, पाणकणीस, कमळ किंवा जलपर्णी माजली आहे, तिथे मरळ हमखास असते. लांबट गोल अंग, सापासारखे चपटे डोके, मोठा जबडा आणि तोंडात बारीक तीक्ष्ण दात. ती पाण्यात हिंडून शिकार करीत नाही. गवताच्या काठाला लाकडासारखी स्थिर पडून राहते आणि बेडूक, किडा किंवा लहान मासा समोर आला की एका झेपेत गिळते.

मरळीचा आणखी एक गुण ध्यानात ठेवा. तिला कल्ल्यांखेरीज हवेतला श्वास घेण्याची सोय निसर्गाने दिली आहे. थोड्या थोड्या वेळाने ती वर येऊन हवेचा घोट घेते. म्हणून गढूळ, कोंदट पाण्यातही ती जगते. पहिल्या जोराच्या पावसात ओल्या गवतावरून सरपटत ती नाल्यातून तळ्यात येऊ शकते. "आम्ही तर मरळ सोडलीच नव्हती" असे कोणी म्हणाले, तर त्यात नवल नाही. ती आपल्या पायांनी नसली, तरी आपल्या अंगाने आलेली असते!

आता हिशेब मांडू. दहा गुंठ्यांच्या तळ्यात तुम्ही पाचशे बोटुकली सोडली. तळ्यात तीन मोठ्या मरळी आहेत आणि प्रत्येक मरळ दिवसाला दोनच बोटुकली खाते असे धरून चला. तीन महिन्यांत पाचशे चाळीस होतात. म्हणजे कागदावर तुमचे तळे रिकामे! प्रत्यक्षात मरळ बेडूकही खाईल, किडेही खाईल आणि काही बोटुकली वाचून मोठी होईल. पण बियाण्याचा, वाहतुकीचा आणि पेंड-कोंड्याचा पैसा कोणाच्या पोटात गेला, हे या आकड्यांवरून समजावे.

जाळे चालत नाही, मग काय?

उघड्या पाण्यात ओढजाळे फिरवून मरळ काढता येते. गवताळ तळ्यात जाळे अडकते, फाटते आणि मरळ खाली चिखलात दडून बसते. तेव्हा काही जणांना भलताच उपाय सुचतो. फवारणीच्या औषधाची उरलेली बाटली पाण्यात ओतायची! बंधूंनो, हे पाप करू नका. त्याच पाण्यावर तुमची गुरे येतात, बायाबापड्या धुणे धुतात, बगळे आणि पाणकोंबड्या जगतात. विष खाऊन मेलेला मासा बाजारात गेला तर कोणाच्या तरी ताटात विष जाते. पाण्यात विष कालवून किंवा सुरुंग उडवून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा ठरलेले आहे. विजेची तार पाण्यात सोडण्याचा प्रकार तर स्वतःच्याच जिवावर बेततो.

मोहाच्या पेंडीची एक वाट आहे. मत्स्यशेतीत ती मान्य आहे. पाणी एक मीटर खोल असेल तर हेक्टरी सुमारे २५०० किलो पेंड लागते आणि तिचा विषारी अंश दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. पण ती पेंड तळ्यातले सगळेच मासे मारते, आणि गावाच्या सामाईक पाण्यात ती वापरताच येत नाही. पाणी आटवण्याजोगे तळे असेल तर उन्हाळ्यात आटवावे, हे सर्वांत उत्तम. ते जमत नसेल तिथे एकेक मरळ गळाने काढणे हाच सोपा मार्ग.

आपल्याकडे मरळीला बहुधा जिवंत बेडकाचे आमिष लावतात. त्यातही नुकसान आपलेच. बेडूक भातातले आणि भाजीतले किडे खातो, तोही पगार न घेता. बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवण्याचा धंदा आपल्या देशात जोरात होता. बेडूक कमी होऊन किडी वाढतील हे ओळखून १९८७ मध्ये ही निर्यात बंद झाली. तेव्हा आमिषासाठी बेडूक मारण्यापेक्षा धातूचा चमचा बरा.

अमेरिकेतला बास आणि आपली मरळ

चमच्याचा गळ मूळचा अमेरिकेचा. तिकडे बास नावाचा मासा गोड्या पाण्यात होतो. तो मरळीच्या जातीचा नव्हे, पण सवयी बऱ्याच सारख्या. मोठे तोंड, गवताच्या आडोशाला दबा धरून बसणे आणि समोर हललेल्या वस्तूवर झडप घालणे. नरबास अंड्यांची आणि पिलांची राखण करतो. आपली मरळही तेच करते.

या बासची एक गोष्ट शेतकऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. १९३२ साल. अमेरिकेत मंदीचा काळ, शेतमालाला भाव नाही. जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाचा एक तरुण शेतकरी होता. २ जूनला पावसाने शेत इतके ओले झाले की नांगर चालेना. तेव्हा तो एका मित्राला घेऊन माँटगोमेरी नावाच्या तळ्यावर मासे धरायला गेला. तिथे त्याला २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त वजनाचा बास लागला. जगातला तो विक्रम ठरला. पुढे २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता याने त्याची बरोबरी केली. पेरीने त्या माशाचे काय केले? वजन करून नोंदवले आणि मासा घरी नेला. घरच्यांनी तो खाल्ला. ओल्या शेताने सुट्टी दिली आणि तळ्याने जेवण दिले, एवढाच त्याचा हिशेब. त्याचे आमिष लाकडी माशाचे होते, चमच्याचे नव्हे, हेही सांगून ठेवतो.

चमच्याचा गळही तिकडे जुना आहे. ज्युलिओ ब्युएल याने १८५२ मध्ये अशा फिरत्या आमिषाचे पेटंट घेतले. जेवताना त्याच्या हातून चमचा तळ्यात पडला, तो लखलखत खाली जाताना एका माशाने त्याच्यावर झडप घातली आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. पण साधा चमचा गवतात अडके. १९२० नंतरच्या काळात लुई जॉन्सन याने चमच्याच्या गळापुढे एक स्प्रिंगदार तार बसवली. गवत त्या तारेवरून घसरते, मासा चावला की तार दबते आणि गळ लागतो. युक्ती साधी, पण शंभर वर्षे टिकलेली.

इथे एक इशारा देतो. बासचा गळ आणा, पण बास मासा आणू नका. जपानने १९२५ मध्ये तो आपल्या आशी सरोवरात सोडला. पुढे तो देशभर पसरला आणि तिथले मूळचे मासे खाऊ लागला. शेवटी कायदा करून त्याच्यावर बंदी घालावी लागली. आपल्याकडे परदेशी मागूर पालनाला बंदी आहे, ती याच कारणाने.

चमचा घरी कसा करावा?

शहरात तयार चमचे मिळतात. घरीही करता येतो. दीड मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा घ्या. साडेसहा सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद, पिंपळपानाऐवजी आंब्याच्या कोयीसारखा लांबट आकार कापा. लाकडाच्या खोलगट ठोकळ्यावर हलके ठोकून त्याला होडीसारखी खोली द्या. वजन पंधरा-सोळा ग्रॅम भरते. काठ कानशीने घासून गुळगुळीत करा, नाहीतर तंगूस कापला जातो. पुढच्या टोकाला एक भोक पाडा.

आता होडीच्या आतल्या बाजूला एकच मोठा गळ बसवायचा. गळाचे टोक वर, आकाशाकडे. पाण्यात चमचा पोटावर चालतो आणि टोक वर राहते, म्हणून ते तळाच्या काडीकचऱ्यात रुतत नाही. गळ डाग देऊन पक्का करा. स्टीलच्या चमच्याला साधा डाग धरत नाही. त्याला बारीक नट-बोल्टच लावावा लागतो, म्हणून पितळ बरे.

शेवटची वस्तू म्हणजे राखणतार. सायकलच्या ब्रेकच्या तारेतले दोन-तीन पदर एकत्र पिळून घ्या. एक टोक चमच्याच्या पुढच्या भागात पक्के बसवा आणि दुसरे टोक तिरपे मागे नेऊन गळाच्या टोकापर्यंत आणा. तार टोकापेक्षा ज्वारीच्या दाण्याएवढी वर असावी. बोटाने दाबून पाहा. हलक्या दाबाने ती खाली गेली पाहिजे आणि बोट काढताच परत वर आली पाहिजे. तार फार ताठ झाली तर मासा सुटतो. फार ढिली झाली तर गवत अडकते. पाण्यात टाकण्याआधी बांधावरच्या ओल्या गवतातून चमचा चार वेळा ओढून बघा. गवत न धरता आला, तर जमले.

मागे शोभेला नव्हे, हालचालीला काहीतरी हवे. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर लांब पट्टी कापा, तिला मधून चीर देऊन दोन शेपट्या करा आणि गळात ओवा. पाण्यात ती बेडकाच्या पायांसारखी हलते. पाणी स्वच्छ असेल तर चमचा रुपेरी ठेवा. गढूळ पाण्यात पितळेचा पिवळा रंग बरा दिसतो. चिंच आणि राख लावून घासला की तो पुन्हा चमकतो.

टाकावा कसा, ओढावा कसा?

तंगूस ०.४० ते ०.५० मिलिमीटर जाडीचा घ्या, लांबी पंचवीस-तीस मीटर. चमचा आणि तंगूस यांच्यामध्ये एक फिरकी घाला, म्हणजे दोरा वळून गुंता होत नाही. यंत्राची गरारी असलेली काठी असेल तर सोयीचे. नसेल तर रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर तंगूस गुंडाळा. डब्याचे बूड लक्ष्याकडे धरून चमचा फेकला की दोरा आपोआप सुटत जातो.

वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. आधी दहा मिनिटे काठावर गप्प बसून पाणी पाहा. मरळ हवा घ्यायला वर येते तेव्हा पाणी हलकेच फुटते. ती जागा हेरा आणि चमचा नेमका तिच्या डोक्यावर टाकू नका. तिच्या पलीकडे दोन-तीन हात टाका. पाण्याला लागताच ओढायला सुरुवात करा, म्हणजे चमचा गवतावरून घसरत येईल. गवतात जिथे ताटाएवढे उघडे पाणी दिसेल, तिथे क्षणभर थांबा. चमचा डुलत, चमकत खाली जातो. बहुतेक वेळा झडप पडते ती याच वेळी.

झडप दिसली की घाईने हिसका देऊ नका. हाताला वजन लागू द्या, मग एकदाच जोराने ओढा. राखणतार दबून गळ आत शिरायला जोर लागतो, म्हणून गळाचे टोक नेहमी धारदार ठेवा. नखावर टेकवले तर ते घसरता कामा नये. मासा लागल्यावर त्याचे डोके वर ठेवून थेट काठाकडे आणा. ढील दिली की तो गवतात शिरतो आणि दोरा तुटतो.

साध्या तीन तोंडी गळापेक्षा या गळाचा एक मोठा फायदा शेतकऱ्याच्या दृष्टीने आहे. साधा गळ गवतात अडकून तुटतो आणि तिथेच राहतो. दुपारी तुमची म्हैस त्याच पाण्यात डुंबायला जाते. तिच्या पायात किंवा सडात गळ रुतला तर मरळीची किंमत किती वेळा द्यावी लागेल, याचा विचार करा. गुंता झालेला तंगूसही पाण्यात टाकू नका. बगळ्याचे पाय त्यात अडकतात. घरी आणून त्याचे तुकडे करून टाका.

सावधगिरी

प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात गळ मुळीच टाकू नये. एक भोक पडले तरी पाणी झिरपून जाते आणि कागदाचा सगळा खर्च वाया. शिवाय त्या ओल्या कागदावरून पाय घसरला तर पोहणाऱ्या माणसालाही वर येता येत नाही. अशा तळ्यांत मुले बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. कागदाच्या तळ्याला कुंपण घाला. काठाला खुंटीशी बांधलेला गाठींचा दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम ठेवा.

मातीच्या तळ्यावरही मुलांनी एकट्याने जाऊ नये. चमचा फेकताना मागे कोणी नाही हे आधी पाहा. तंगूस मनगटाला गुंडाळू नका. मरळीच्या तोंडातून गळ बोटाने काढू नका, पक्कड वापरा. आणि गळ माणसाच्या मांसात शिरलाच, तर उलटा ओढू नका. उलट्या दाताने जखम वाढते. दोरा कापून आरोग्य केंद्रात जा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या.

कुठे धरावी आणि कुठे सोडावी?

आता सर्वांत महत्त्वाचे. स्वतःच्या तळ्यात कटला-रोहू करायचा असेल, तर मरळ फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत काढून घ्या. तेव्हा पाणी कमी असते आणि तिची वीण सुरू झालेली नसते. बोटुकली सोडण्यापूर्वी पाण्याच्या येण्याच्या वाटेवर बारीक जाळी बसवा, नाहीतर पुढच्या पावसात दुसरी मरळ येईल.

गावतळ्याचा, नदीचा आणि डोहाचा न्याय मात्र वेगळा. तिथे मरळ ही चोर नव्हे, ती तिथली मूळची रहिवासी आहे. पावसाळ्यात काठच्या गवतात ती गोल जागा साफ करून अंडी घालते. अंडी पिवळसर असतात आणि तरंगतात. दीड-दोन दिवसांत पिले बाहेर येतात. पुढे तांबूस पिलांचा ताटाएवढा पुंजका पाण्यावर फिरताना दिसतो आणि त्याच्या खाली आईबाप राखण करीत असतात. त्या वेळी जे जवळ येईल त्यावर ते तुटून पडतात. म्हणजे चमचा टाकला की मासा हमखास लागतो. पण ती भुकेची झडप नसते, लेकरांसाठी घेतलेली झेप असते. आईबाप उचलले की तो पुंजका इतर मासे, साप आणि बगळे थोड्याच वेळात फस्त करतात. एका मरळीसाठी शेकडो मरळी जातात. अमेरिकेच्या उत्तरेकडील काही राज्यांत बासच्या विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवतात किंवा धरलेला मासा परत सोडायला लावतात. आपल्या गावाने जून ते ऑगस्ट एवढे तीन महिने गावतळ्यात मरळीला हात लावायचा नाही असे ग्रामसभेत ठरवले, तर कोणाचे काही जात नाही. दिवाळीनंतर मात्र तळे भरलेले दिसेल.

आणि तळे कोणाचे, हे आधी विचारा. बरेच गावतलाव आणि पाझर तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीकडचे जुने मालगुजारी तलाव पाहा. तिथल्या ढीवर बांधवांचे घर त्या माशांवर चालते. तुमच्या विरंगुळ्याचा मासा हा त्यांच्या चुलीवरचा मासा असू शकतो. संस्थेची परवानगी घ्या आणि ठरेल तो मोबदला द्या. त्यांच्याकडे मरळीची जी माहिती आहे, ती कोणत्याही पुस्तकात नाही.

स्वतःच्या तळ्यातली मरळ विकायची असेल तर मारू नका. टोपात थोडे पाणी घाला, वर ओले पोते झाका आणि जिवंतच बाजारात न्या. ती हवेवर जगते, म्हणून टिकते. जिवंत मरळीला मेलेल्या माशापेक्षा चांगला दर मिळतो. तिच्यात बारीक काटे कमी असल्याने आजारातून उठलेल्याला आणि बाळंतिणीला ती मुद्दाम खाऊ घालतात. शेजारच्या तेलंगणाने तर मरळीला राज्याचा मासा ठरवले आहे. तेव्हा तळ्यातून मरळ काढणे म्हणजे नुसते संकट दूर करणे नव्हे. बोटुकलीचा खर्च काही अंशी ती स्वतःच भरून देते.

या आठवड्यात तीन कामे करा. तळ्याच्या काठावर सकाळी बसून किती ठिकाणी पाणी फुटते ते मोजा. पाण्याच्या येण्याच्या वाटेला जाळी आहे का ते पाहा. आणि बोटुकलीची मागणी नोंदवण्यापूर्वी तळ्यातली मरळ काढून संपवा. पुढील अंकात बोटुकली प्रवासातून आणल्यावर तिला तळ्याच्या पाण्याची सवय कशी लावावी, ते पाहू.